दर हिवाळ्यात त्याच जागी रुतणारी गाडी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरात आमचं घर आहे. रात्री एरी सरोवरावरून बर्फाचा पट्टा येऊन गेला की सकाळी दारात फूट-दीड फूट बर्फ साचलेला असतो. तो उपसून गाडी काढायला घ्यावी, तर रस्त्याला लागायच्या आधी शेवटच्या दहा फुटांत ती रुतून बसते. असं सलग तीन हिवाळे झालं आणि जवळजवळ दर वेळी त्याच जागी झालं. पुढची चाकं गरगर फिरायची आणि गाडी तसूभर हलायची नाही. त्या तीन हिवाळ्यांत जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे. दर ऑगस्टमध्ये इथल्या विद्यापीठात पुण्या-नागपूरकडची नवी मुलं येतात, डिसेंबरपर्यंत चौघांत मिळून एखादी जुनी गाडी घेतात, आणि पहिल्या मोठ्या बर्फात रात्री अकराला फोन येतो, "दादा, गाडी अडकली, काय करू?"

पहिलं उत्तर मी सगळ्यांना एकच देतो: ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ आणि खाली उतर.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की घर्षणाने तापतं. त्याखालचा बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर होतो आणि चाक थांबलं की तो थर गोठून त्याची काच होते. म्हणजे सुरुवातीला भुसभुशीत बर्फात रुतलेली गाडी दोन मिनिटांच्या रेसनंतर आपणच तयार केलेल्या काचेच्या वाटीत बसलेली असते. आपल्याकडच्या चिखलात आणि इथल्या बर्फात हा मोठा फरक आहे. चिखलात चाक खोल जातं, पण चिखल चिखलच राहतो. बर्फ मात्र आपण दिलेल्या रेसने रूप पालटतो, आणि दर पालटात आपलं काम अवघड करून ठेवतो.

खाली उतरल्यावर दुसरं काम सायलेन्सरचं. गाडीच्या मागे जाऊन धुराची नळी बर्फाखाली गेली आहे का ते बघा आणि गेली असेल तर आधी ती हाताने मोकळी करा. नळी बुजलेली असताना इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. ड्राइव्हवेवर, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर, बाप बर्फ उपसतो आहे आणि गारठा नको म्हणून मुलांना चालू गाडीत हीटर लावून बसवलं आहे, हे चित्र मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे, आणि एका हिवाळ्यात स्वतःही तसंच केलं होतं. आता करत नाही. मुलं घरात राहतील किंवा माझ्या शेजारी बर्फात उभी राहतील, नळी मोकळी झाल्याशिवाय गाडीत बसणार नाहीत.

गाडीला नक्की कोणी धरलं आहे?

"गाडी अडकली" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

पहिल्या प्रकारात चाकाखाली नुसता काचेसारखा बर्फ असतो. गाडीभोवती बर्फ फार नाही, पण चाक घसरतं. तापमान शून्याच्या आसपास असेल तर हे सर्वात वाईट, कारण तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागावर ओल असते. उणे पंधराला तोच बर्फ पुष्कळ बरी पकड देतो.

दुसऱ्या प्रकारात चाकाच्या पुढेमागे बर्फ साचून भिंत झालेली असते. चाकाला पकड आहे, पण ती भिंत चढण्याइतकी नाही.

तिसऱ्यात गाडी पोटावर बसलेली असते. बंपरच्या खालून आत शिरलेला बर्फ दाबला जाऊन घट्ट होतो, गाडीचं वजन त्याच्यावर येतं आणि चाकं अर्धवट लोंबकळतात. हे वरून दिसत नाही. गुडघ्यावर बसून, बॅटरी लावून गाडीखाली बघावं लागतं. या अवस्थेत चारही चाकांना ताकद देणारी गाडीसुद्धा काही करू शकत नाही, कारण चाकावर वजनच नसतं. आमच्या मित्रमंडळींत ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांचा इथेच घोटाळा होतो. गाडी दमदार म्हणून ते जास्त खोल बर्फात घुसतात, आणि मग अडकतातही जास्त खोल.

पहिल्या वर्षी बाबा गडहिंग्लजहून इथे आले होते. आयुष्यभर त्यांनी उसाच्या ट्रॉल्या शेतातून बाहेर काढल्या. मी रेस देत होतो आणि ते खिडकीतून बघत होते. शेवटी कानटोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, आधी तिचं बूड मोकळं कर, मग हाण." मी म्हटलं, बाबा, हा चिखल नाही. ते काही न बोलता खाली वाकले आणि फावड्याच्या दांड्याने गाडीच्या पोटाखालचा बर्फ ओढून काढायला लागले. वीस मिनिटांत गाडी निघाली. चिखल आणि बर्फ वेगळे हे माझं म्हणणं खरंच होतं, पण पोटावर बसलेली गाडी दोन्हीकडे सारखीच.

कुठे उकरायचं

आपल्या गाडीत इंजिनची ताकद कुठल्या चाकांना जाते हे आधी माहीत हवं. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढच्या चाकांना जाते. सुरुवात त्या चाकांपासून करा. चाकाच्या पुढे आणि मागे जमीन दिसेपर्यंत उकरा. मग पोटाखालचं. त्याला मोठं फावडं चालत नाही. लांब दांड्याचं अरुंद खोरं किंवा घडीचं छोटं फावडं लागतं, आणि बर्फ बाहेरच्या बाजूला ओढायचा असतो. शेवटी ज्या दिशेला जायचं आहे तिकडे निदान एक गाडीभर लांबीच्या दोन पट्ट्या, चाकांच्या रुंदीच्या, मोकळ्या करा. ही शेवटची पायरी सगळे टाळतात. गाडी खड्ड्यातून निघते, चार फूट जाते आणि पुढच्या बर्फात पुन्हा बसते.

दिशा निवडताना एक लक्षात ठेवा: गाडी जिकडून आली तिकडेच बहुतेक वेळा सहज जाते, कारण तिथला बर्फ आपल्याच चाकांनी दाबलेला असतो. पुढे जायचा हट्ट सोडून आधी मागे या. स्टिअरिंग सरळ ठेवा. वळवलेलं चाक नांगरासारखं बर्फ लोटत जातं.

बर्फ उपसताना स्वतःकडेही लक्ष असू द्या. शून्याच्या जवळ पडलेला ओला बर्फ फार जड असतो. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात खांद्यापर्यंत हात उचलून जोर लावायचा, म्हणजे हृदयावर एकदम ताण. बफेलोच्या मोठ्या वादळांत बर्फ उपसताना हृदयविकाराने माणसं गेली आहेत. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या हातात फावडं देऊ नका, ते कितीही मागोत. माझ्या बाबांना त्या दिवशी काही झालं नाही हे आमचं नशीब, आणि ती चूक माझी होती. फावडं भरून उचलण्यापेक्षा अर्धं भरा, आणि जमेल तिथे उचलण्याऐवजी लोटा.

झोका

उकरून झालं की गाडीला झोका द्यायचा. लहान मूल पाळण्यात असतं तेव्हा आपण पाळणा मागे येऊन थांबतो त्याच क्षणी हलका धक्का देतो. इथे अगदी तेच करायचं आहे.

आधी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. घसरणाऱ्या गाडीचं आणि नागमोडी रेषांचं चित्र असलेलं बटण असतं, काही गाड्यांत ते दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. एरवी ही सोय जीव वाचवते, पण रुतलेल्या गाडीत चाक जरा घसरलं की ती इंजिनची ताकदच कापते आणि झोका मिळत नाही. निघाल्यावर ते आठवणीने पुन्हा चालू करा.

हाताने गिअर बदलायची गाडी असेल तर पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाका, म्हणजे चाकावर ताकद बेताने येते. ऑटोमॅटिकमध्ये खालचा गिअर किंवा बर्फासाठीचा मोड असेल तर तो घ्या. अगदी हलकी रेस देऊन गाडी जितकी पुढे जाते तितकी जाऊ द्या. चढाच्या टोकाला ती थांबली की ब्रेक दाबून चाकं पूर्ण थांबवा, मग रिव्हर्स. मागच्या टोकाला पुन्हा तसंच. दर झोक्याला दोन-चार इंच वाढले पाहिजेत. चाकं फिरत असताना गिअर उलटा टाकला तर गिअरबॉक्सचं तेल आणि आतले भाग यांची वाट लागते, आणि ती दुरुस्ती जुन्या गाडीच्या किमतीइतकी येऊ शकते.

पाच-सहा झोक्यांत फरक पडला नाही तर थांबा. म्हणजे अजून काहीतरी धरून ठेवतं आहे, पुन्हा खाली उतरून उकरा. गिअरबॉक्सलाही तेवढा विसावा मिळतो. चाक घसरत असताना स्पीडोमीटरचा काटा वर वर चढू देऊ नका. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ताशी ५५ किलोमीटरच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. त्यापलीकडे हवेत फिरणारा टायर फुटू शकतो, आणि जवळ उभ्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

एक चाक गरगरतं आणि दुसरं शांत, हे बघून अनेकांना वाटतं की गाडी बिघडली. बिघडलेली नसते. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागात, ज्या चाकाला विरोध कमी, तेच फिरत राहतं. गावाकडे जीपचा हँडब्रेक थोडा ओढून दुसऱ्या चाकाला ताकद पोचवायची युक्ती करतात. ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक मागची चाकं धरतो आणि आपलंच काम वाढवतो. त्यामुळे फिरणाऱ्या चाकाखाली पकड तयार करणं हाच खरा इलाज.

चाकाखाली काय घालायचं

वाळू सर्वात चांगली. स्वस्त आहे, गोठलेल्या बर्फात टोचून बसते आणि कुठल्याही तापमानाला चालते. एक पिशवी डिकीत ठेवा. ती ओली होऊन गोठू नये म्हणून प्लास्टिकच्या डब्यांत भरून ठेवलेली बरी. पाळीव मांजराच्या शौचाच्या पेटीत घालतात ती माती पुष्कळजण सुचवतात. तिचे गोळे होणारी जात घेतली तर ओल लागताच लगदा होतो आणि चाक आणखी घसरतं. गोळे न होणारी चालते, पण वाळू मिळत असताना तिच्या वाटेला मी जात नाही.

मीठ वेगळ्या कामाचं आहे. ते बर्फ वितळवतं, पण त्याला वेळ लागतो, आणि साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं काम करत नाही. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड घ्यावं लागतं, ते साधारण उणे पंचवीसपर्यंत उपयोगी पडतं. गाडी अडकलेली असताना चाकाखाली मूठभर मीठ टाकून लगेच रेस दिली तर काही होत नाही. टाकून घरात जा, चहा प्या, पंधरा-वीस मिनिटांनी या. गरम पाणी मात्र चुकूनही ओतू नका. पाच मिनिटं बरं वाटतं, मग तेच पाणी गोठतं आणि पूर्वीपेक्षा गुळगुळीत होतं.

काहीच नसेल तर गाडीतल्या पायाखालच्या मॅट काढून, खरबरीत बाजू टायरला लागेल अशा, चाकाच्या अगदी तोंडाशी खुपसा. मॅट वेगाने मागे फेकली जाते, म्हणून त्या रेषेत कोणी उभं राहू नये. मॅट बहुधा फाटते, हे धरूनच चालायचं. दातेरी प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या जास्त चांगल्या. गावाकडे ट्रॉलीच्या चाकाखाली बाबा उसाचा पाला घालायचे. इथे एकदा मी अंगणातल्या टाकून दिलेल्या ख्रिसमसच्या झाडाच्या फांद्या तोडून घातल्या, आणि त्या मॅटपेक्षा सरस ठरल्या.

टायरमधली हवा सोडा असाही सल्ला मिळतो. भुसभुशीत खोल बर्फात त्याने खरंच फरक पडतो, पण नंतर उणे पंधरात हवा भरायला पंप कुठे शोधणार? गारठ्याने आधीच टायरमधला दाब उतरलेला असतो, तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की एक पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते एकक). मी हा उपाय करत नाही.

धक्का आणि दोर

धक्का मारायला माणसं मिळाली तर गाडी निघण्याची शक्यता एकदम वाढते. पण गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कोणी उभं राहायचं नाही, आणि ताकदीच्या चाकाच्या थेट मागेही नाही. गाडी चालवणाऱ्याने खिडकी उघडी ठेवायची आणि एकानेच हाका द्यायच्या. बर्फावर धक्का देणाऱ्याचाच पाय आधी घसरतो. पडलेला माणूस दिसेपर्यंत गाडी मागे आलेली असते.

दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर आपल्या गाडीची ओढायची कडी वापरा. ती बहुधा स्टेपनीच्या खणात असते आणि बंपरवरची छोटी टोपी काढून आत आट्यांवर फिरवून बसवायची असते. काही गाड्यांत आटे उलटे असतात, बसत नसेल तर जोर न लावता दुसरीकडे फिरवून बघा. दोर ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो, त्याने माणसं मेली आहेत. साखळीऐवजी ओढण्यासाठीचा पट्टा घ्या, मध्यावर एखादी जाड गोधडी टाका आणि बघ्यांना लांब पाठवा. यातलं काही नीट जमेल असं वाटत नसेल तर पैसे देऊन ओढणारा ट्रक बोलवा. गेल्या वर्षी एका मुलाचा बंपरच निघून हातात आला, कारण दोर बंपरच्या पट्टीला बांधला होता.

रस्त्यात अडकलात तर

वर लिहिलेलं सगळं दारातल्या, पार्किंगमधल्या गाडीसाठी. वादळ चालू असताना हमरस्त्यावर गाडी अडकली तर नियम बदलतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या वादळात, बफेलोच्या विमानतळावर ५१.९ इंच बर्फ मोजला गेला. एरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यातली काही त्यांच्या अडकलेल्या गाड्यांत सापडली, काही बाहेर बर्फात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत सुमारे ८० इंच पडला होता, आणि आमच्या उत्तरेकडे त्या मानाने फारच कमी. सरोवराच्या बर्फाचा पट्टा अरुंद असतो. एरी सरोवर उथळ आहे. थंडीच्या सुरुवातीला त्याचं पाणी हवेपेक्षा बरंच उबदार असतं, त्यावरून गार वारा आला की वाफ उचलून किनाऱ्यावर बर्फ होऊन पडते. आपल्या दारात ऊन असताना दहा मैलांवर हाताचं बोट दिसत नाही, आणि मुलं त्या उन्हाला भुलून निघतात. गाडी चालवायला बंदी जाहीर झाली असेल तर घरी राहा, कामाच्या ठिकाणी कोणी काही म्हणो.

तरी अडकलातच, तर गाडी सोडून चालत जाऊ नका. पांढऱ्या वादळात शंभर पावलांवरचं घर सापडत नाही. ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करून जागा सांगा. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, त्याआधी दर वेळी धुराची नळी मोकळी करा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. आरशाला एखादं भडक रंगाचं कापड बांधा. डिकीत घोंगडी, पाणी, फोनचा चार्जर, फावडं आणि शेंगदाण्याची चिक्की, एवढं नोव्हेंबर ते एप्रिल असतंच आमच्या.

मग आमची गाडी त्याच जागी का रुतायची?

टायर हे अर्धं कारण होतं. गाडीला सर्व ऋतूंसाठीचे म्हणून विकले जाणारे टायर होते. साधारण सात अंशांखाली त्यांचं रबर कडक होतं आणि पकड जाते. तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेले हिवाळी टायर चारही चाकांना बसवले तेव्हा पहिल्याच बर्फात फरक कळला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच लागतात. आमच्या न्यूयॉर्क राज्यात तशी सक्ती नाही, म्हणून मीही तीन वर्षं खर्च टाळला. जुनी गाडी घेणाऱ्या मुलांना मी सांगतो, गाडी पाचशे डॉलरने स्वस्त घ्या पण टायर नवे घाला. नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर बर्फासाठी संपला.

उरलेलं अर्धं कारण मला मार्चमधल्या एका दुपारी सापडलं. ऊन पडलं होतं, छपरावरचा बर्फ वितळत होता. पन्हळीच्या नळातून येणारं पाणी गॅरेजच्या कोपऱ्यावर पडून ड्राइव्हवेवरून तिरकं वाहत जात होतं आणि बरोबर त्या शेवटच्या दहा फुटांत, जिथे थोडा खोलगट भाग आहे, साचत होतं. रात्री ते गोठायचं. त्यावर नवा बर्फ पडला की खालची काच दिसायची नाही. मी वरचा बर्फ उपसायचो, जमीन लागली असं समजायचो आणि गाडी काढायचो. तीन हिवाळे मी बर्फाशी भांडत होतो आणि दोष पन्हळीचा होता.

आठ फुटांची प्लास्टिकची नळी जोडून ते पाणी हिरवळीकडे वळवलं. खर्च वीस डॉलरच्या आत. त्यानंतर ड्राइव्हवेवर त्या जागी गाडी एकदाही रुतलेली नाही. तुमचीही गाडी दर वेळी एकाच जागी अडकत असेल तर बर्फ वितळतो त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा आणि पाणी कुठून येतं ते बघा.

रस्ता साफ करणारा सरकारी ट्रक मात्र अजून दर वेळी आमच्या दारासमोर बर्फाचा बांध घालून जातो, सगळ्यांच्याच दारासमोर घालतो. तो बांध गाडीच्या वेगाने फोडायला जाऊ नका, गाडी पोटावर बसते ती बहुतेक तिथेच. ट्रक गेल्या गेल्या, बांध मऊ आहे तोवर, उपसून टाका. दोन-तीन तासांत तो दगड होतो. उपसलेला बर्फ रस्त्यावर ढकलायला इथे कायद्याने मनाई आहे, तो आपल्याच अंगणात टाकायचा. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं तर ट्रक डावीकडून येतो, म्हणून मी डावीकडच्या हिरवळीवर आधीच सहा-सात फुटांची जागा मोकळी करून ठेवतो. ट्रकच्या पात्यातला बराचसा बर्फ तिथे पडतो आणि दारात येणारा बांध गुडघ्याऐवजी घोट्याइतका उरतो.